सात कोणाचा, बारा कोणाचा?

(दृश्य: ऑगस्टमधली सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातलं एक वावर. कमरेइतकी कपाशी. धुऱ्यावर एक कास्तकार मोबाइल उंच धरून उभा. रेंज नाही. तो दोन पावलं सरकतो, पुन्हा हात वर करतो.)

निवेदन:
ई-पीक पाहणी चाललीय. पूर्वी हे काम तलाठ्याचं होतं. तो कधी वावरात येऊन नोंद करायचा, कधी चावडीत बसल्या बसल्या. २०२१पासून पिकाचा फोटो कास्तकारानंच मोबाइलवर काढून पाठवायचा असतो.

हा माणूस फोटो काढतोय खरा, पण नोंद त्याच्या नावावर होणार नाही. वावर त्यानं ठेक्यानं केलंय, मालक नागपूरला राहतो. पेरणी यानं केली, डवरे यानं फिरवले, बोंडअळी आली तर झोप याची उडणार. अतिवृष्टीची मदत मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात जाईल. पीककर्जाचंही तेच.

सातबारा हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पेरलंय. एक मालकीचा, एक कसणुकीचा. एकाच पानावर छापलेले असतात, म्हणून दोन्हींतला माणूस एकच असेल असं आपण धरून चालतो.

आता असं समजू, की सात फाडून टाकला आणि फक्त बारा ठेवला.

(दृश्य: छापखान्यातले खिळे. शाई. जुनी चित्रं.)

हा विचार फ्रान्समधल्या एका माणसानं १८४० साली मांडला. पियेर-जोसेफ प्रुधाँ. गरिबाघरचा, छापखान्यात खिळे जुळवून पोट भरलेला. ‘मालमत्ता म्हणजे चोरी’ हे त्याचं वाक्य जगभर गाजलं. ते ऐकून पुष्कळांना वाटतं, हा आता गरिबाच्या दावणीचा बैलही सोडून नेणार. तसं नव्हतं. तो दोन गोष्टी वेगळ्या करत होता. आपण ज्यात राहतो, जे कसतो, ज्या अवजारानं काम करतो, त्यावरचा ताबा त्याला मान्य होता. दूर बसून, काही न करता, फक्त कागदाच्या जोरावर दुसऱ्याच्या घामातला वाटा घ्यायचा, याला तो चोरी म्हणत होता.

या पहिल्या गोष्टीला आपल्याकडे जुना शब्द आहे: वहिवाट.

त्याच्या मागून अमेरिकेत बेंजामिन टकर आला. १८८१पासून पुढची सत्तावीस वर्षं तो आपल्या नियतकालिकातून हेच लिहीत राहिला: जमिनीवरचा हक्क फक्त वहिवाटीनं आणि वापरानं. जो राहतो त्याचं घर, जो कसतो त्याचं वावर. म्हणजे ठेका संपला, घरभाडंही संपलं. कारण भाडं द्यायचं कोणाला? राहणाराच मालक.

या लोकांना अराज्यवादी म्हणतात. अराजक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगडफेक येते, पण त्यांना अभिप्रेत होती ती वरून हाकणारं राज्य नसलेली व्यवस्था. गोंधळ नव्हे.

(दृश्य: रात्र. झाडीपट्टीतला नाटकाचा मंडप. बोऱ्या, सतरंज्या, शाली पांघरलेली माणसं.)

ही कल्पना समजायला प्रुधाँ रोमन वक्ता सिसेरोचा दाखला देतो: नाट्यगृह सगळ्यांचं, पण ज्या जागेवर जो बसला ती त्याची. आपल्याला त्यासाठी रोमला जायची गरज नाही. दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. खाली बसणाऱ्यांत ज्यानं बोरी टाकली त्याची जागा. नाटक संपलं, बोरी गुंडाळली की जागा पुन्हा सगळ्यांची. उद्याच्या प्रेक्षकाला ती विकता येत नाही. आणि एकट्यानं दहा बोऱ्या टाकून भाडं मागितलं, तर लोक काय करतील ते सांगायला नको.

मध्यंतरात कोणी चहाला गेला तर? शेजारी जागा राखतात. तो घरी जाऊन झोपला तर नाही राखत. चहा आणि झोप यांच्या मधली रेघ कुठे मारायची, सगळी गोम तिथंच आहे. पुढे येऊ त्याकडे.

(दृश्य: पूर्व विदर्भातला जुना तलाव. पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या.)

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांबद्दल सांगतात, की जो जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणेल त्याला ती मिळे, जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. काम आधी, हक्क नंतर.

पुढे हे उलटं झालं. भोसल्यांच्या काळात गावाचा सारा गोळा करून भरणारा तो मालगुजार. इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात त्यालाच गावाचा मालक करून टाकलं. वसुली करणारा एका लेखणीच्या फटक्यात धनी झाला. लोकांकडे उरला निस्तार: सरपणाला लाकूड, गुरांना चराई, घराला बल्ल्या. म्हणजे वापर. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. आज त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, बोलीत मामा तलाव. मालक बदलले, पण गाळ काढायला मालक कधी उतरला होता?

(दृश्य: जंगलाच्या कडेची शेती. ओंडक्यांचं कुंपण.)

पूर्व विदर्भात एक शब्द ऐकू येतो: जबरानजोत. जबरीनं केलेली जोत. सरकारी भाषेत अतिक्रमण. तीन-तीन पिढ्या एकाच तुकड्यावर धान पेरणारा माणूस, आणि कागदावर तो घुसखोर. बारा त्याचा, सात वनखात्याचा.

२००६च्या वनहक्क कायद्यानं हे थोडं सरळ केलं. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासीला त्या जमिनीचा पट्टा मिळू शकतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. इतर पारंपरिक वननिवासींना पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. या पट्ट्याची एक अट वाचली आणि मी थबकलो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. सरकारनंच दिलेला, सरकारच्या शिक्क्याचा कागद, आणि आतला मजकूर जवळपास प्रुधाँचा.

(दृश्य: मेंढा. बांबूचं रान. ग्रामसभा.)

गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश इथं आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ साली गावानं आणखी पुढचं पाऊल टाकलं: ग्रामदान. जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसायला ज्याची त्याला, आणि विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी. हा महाराष्ट्राचा १९६४चा कायदा आहे, आणि कल्पना वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी राहणाऱ्या विनोबांची.

विनोबांचा मार्ग दानाचा होता, प्रुधाँचा हक्काचा. दोघं भेटले असते तर त्यांचं किती पटलं असतं कोण जाणे. पण मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांच्या सहमतीनं होतो, आणि त्यासाठी लागेल तितका वेळ घेतला जातो. वहिवाटीवर चालणाऱ्या समाजात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. सात फाडला, तरी बाराची वही कोणीतरी लिहिणारच ना?

(दृश्य: चावडी. पारावर बसलेले पुरुष. लांब उभ्या बाया.)

आणि इथं माझा पाय अडखळतो. गाव ठरवेल म्हणजे कोण ठरवेल? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गुणगानावर कोरडे ओढले होते. संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा, असंच ते खेड्याला म्हणाले. नवरा गेलेल्या बाईनं वावर एक साल पडीत ठेवलं, तर पारावरचे लोक त्याला चहा म्हणतील की झोप? पोरगा सुरतेला मजुरीला गेला, दोन हंगाम आला नाही, तर? ज्याचं घर गावकुसाबाहेर, त्याची वहिवाट कोणी ध्यानात ठेवलेली असेल? अशा माणसाला कागदाचा सात हाच आधार असतो. तो फाडा म्हणणं सोपं नाही.

सालदाराचं कोडं तर याहून अवघड. गुढीपाडव्याला साल ठरतं, मग वर्षभर औत तो हाकतो, पाणी तो देतो, रात्री जागलीला तोच. मालकही बांधावर असतो, तोही राबतो. वहिवाट कोणाची? टकरला मजुरी चालत होती, ज्याला जे ठरेल ते त्यानं घ्यावं. इतर अराज्यवादी म्हणाले, जितके हात तितके वाटेकरी. मला विचाराल तर दुसरे बरोबर वाटतात. पण मी कधी सालदार ठेवलेला नाही, त्यामुळे हे म्हणायला मला काही पडत नाही.

(दृश्य: पुन्हा पहिलं वावर. ऊन चढलंय.)

ठेक्यानं वावर करणाऱ्या आपल्या कास्तकाराला हे सगळं सांगून पाहिलं. सात फाडायचा, बारा ठेवायचा. ज्याचं पीक त्याचं वावर. तो हसला. मग बराच वेळ कपाशीकडे पाहत राहिला.

“पटते,” तो म्हणाला, “पण माहे हातपाय थकले तं? मंग वावर कोनाचं?”

(दृश्य: मोबाइलची रेंज येते. फोटो जातो. पडद्यावर खातेदाराचं नाव उमटतं.)