नाशिकची लेणी खोदणारे बौद्ध की वैदिक? आधी हा हिशोब बघा

नमस्कार मंडळी! पांडवलेण्यांवर काहीही टाकलं की खाली तोच प्रश्न येतो, "दान देणारा राजा बौद्ध होता की वैदिक?" आज त्यावरच बोलू.

तोंडओळख पटकन उरकतो. गोदाकाठचं नाशिक, त्याला लागून गोवर्धन, त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी. पांडवांचा संबंध नावापुरता. पुढे.

१० नंबरचं लेणं उषवदाताचं, म्हणजे क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाच्या जावयाचं. तो लेखात सांगतो, तीन लाख गाई दान केल्या, देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावं दिली. आणि त्याच लेखात पुढे म्हणतो, हे लेणं मी कोरवलं, पाण्याची टाकी खोदवली. राहायला कोण? बौद्ध भिक्खू. माणूस एक, लेख एक. आता याला कुठल्या रकान्यात टाकणार?

बरं, पैशाच्या बाजूनं बघा. शेजारच्या लेखात त्यानं ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवलेत. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, भिक्खू २०, प्रत्येकाला वस्त्रासाठी १२. वीस बारे दोनशे चाळीस! व्हरांड्यात वही घेऊन बसलो होतो, हा आकडा जुळला आणि अंगावर काटा आला. उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण, तो भिक्खूंच्या इतर खर्चाला. डोंगरावरच्या चीवराचा (भिक्खूंच्या वस्त्राचा) पैसा खालच्या पेठेतल्या मागावर कमावला जायचा. त्या विणकरांचा धर्म कोणता? लेखाला ते सांगावंसंच वाटलं नाही.

एकानं लिहिलं, "क्षत्रप परके होते, त्यांचं सोडा." सोडलं! ३ नंबरच्या लेण्यात चला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री. मुलाचं कौतुक करताना त्याला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते, आणि लेणं देते कुणाला? भद्रायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्खूंना. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. घराण्याचा वैदिक अभिमान आणि संघाला दान, एकाच आजीबाईंच्या तोंडून!

म्हणून कळकळीनं सांगतो, ‘की’ लावून विचारू नका. दान कुणी दिलं, कुणाकडे ठेवलं, व्याज कशाला लागलं, हे विचारा. भिंती उत्तर देतात.

११ नंबरच्या लेण्यात जैन मूर्ती कशा, असं बरेच जण विचारताय. पुढचा व्हिडिओ त्यावरच.