जाळं नाही, तरी शिकार

मे महिन्यातली नागपूरची दुपार. बाहेर रस्ता सुनसान, आत कूलरची घरघर. खिडकीच्या चौकटीवर एक माशी येऊन बसलीय. तिच्यापासून वीतभर अंतरावर करंगळीच्या नखाएवढा एक कोळी. जाळं कुठंच नाही.

हा उडी मारणारा कोळी. दिवाळीच्या साफसफाईत आपण जी कोळिष्टकं झाडून काढतो, त्यातलं एकही याचं नसतं. डोळे आठ. समोरचे दोन टपोरे, ते नेम धरायला; बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल टिपायला. म्हणून माशी पाठीमागून गेली तरी हा गर्रकन वळतो. मग मांजरासारखा दबकत निघतो. माशी हलली की थिजतो. ती पाय चोळायला लागली की दोन पावलं सरकतो.

आता नीट बघा. पोटाचं टोक त्यानं चौकटीला टेकवलं. तिथं धागा चिकटला, आता नेम चुकला तरी पडायची भीती नाही. आणि उडीचा जोर? तो स्नायूंचा कमी, दाबाचा जास्त. शरीरातलं रक्त मागच्या पायांत जोरात घुसतं आणि दुमडलेले पाय ताडकन सरळ होतात. कूलर भरायला नळ सोडला की फरशीवरचा मऊ पाइप कसा ताठ होतो, तसंच.

माशी अजून पाय चोळतेच आहे. चालू द्या त्यांचं.

तिकडं तगरीच्या फुलात एक पांढरा खेकडा-कोळी पुढचे चार लांब पाय पसरून बसलाय. मधमाशी आपल्याच पायांनी त्याच्या मिठीत येते. कडुनिंबाच्या खोडावर, सालीच्याच रंगाचा, शेपटीसारखे दोन लांब अवयव असलेला तिसरा कोळी. त्या शेपट्यांतूनच धागा निघतो. किडा जवळ आला की हा त्याच्याभोवती गरगर फिरत त्याला जागीच बांधून टाकतो.

रात्री भिंतीवरून संथ चालणारा एक थुंकणारा कोळीही असतो. डोळे सहाच, पण फुगीर डोक्यात चिकाची टाकी. विष मिसळलेला चिकट धागा तो नागमोडी फवारतो, आणि पापणी लवायच्या आत भक्ष्य भिंतीला खिळतं. खर्रा खाऊन जिन्याचे कोपरे रंगवणाऱ्यांपेक्षा याचा नेम कितीतरी बरा!

इकडं खिडकीत उडी पडली. माशीसकट तो चौकटीवरून सुटला, पण फरशीवर आला नाही. कूलरच्या वाऱ्यात धाग्याला हेलकावे खातोय, आणि तोंडातली माशी न सोडता त्याच धाग्यावरून वर चढतोय.