पॉइंट्स करणारा पोरगा हवा? मग बियाणं विका!

आपल्या बास्केटबॉल टीममध्ये रोज पंचवीस पॉइंट्स टाकणारा तरुण गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा बाहेरचा खेळाडू, आला तर? कोणीही 'आणा' म्हणेल. पण किंमत विचारा आधी.

सप्टेंबर 2022. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या क्लीव्हलंड कॅव्हलियर्सनी युटा जॅझकडून डोनोव्हन मिचेल घेतला. वय पंचविशीतलं, आदल्या सीझनला सरासरी 25.9 पॉइंट्स. बदल्यात दिलं काय? लॉरी मार्कानेन, कॉलिन सेक्स्टन, नवाकोरा ओचाय अगबाजी. शिवाय 2025, 2027 आणि 2029 चे पहिल्या फेरीचे पिक, तेही विनाअट. म्हणजे क्लीव्हलंड शेवटच्या नंबरावर आलं तरी पिक युटाचाच. 2026 आणि 2028 मध्ये युटाला पिकची अदलाबदल करायची मुभा, ती वेगळीच.

पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या नव्या खेळाडूंच्या वाटपात, खेळाडू निवडण्याचा हक्क. टीम जितकी तळाला, तितका तिचा नंबर साधारण आधी, म्हणजे पिक तितका मोलाचा. पेरायला राखलेलं बियाणं म्हणा ना.

आता गंमत बघा. एकाआड एक वर्षच का? कारण लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीतून रिकामं राहता येत नाही. नियमाचं नाव स्टेपियन रूल. हे टेड स्टेपियन 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्या टीमचे मालक होते? क्लीव्हलंडचेच! त्यांनी इतके पिक उधळले की लीगला नियम करावा लागला.

मग सौदा फसला का? जानेवारी 2023 मध्ये मिचेलनं शिकागोविरुद्ध एका मॅचमध्ये 71 पॉइंट्स केले. टीम 44 विजयांवरून 51 वर गेली. आणि प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क निक्सनी 4-1 नं घरी पाठवलं. तेच निक्स, ज्यांना मिचेल हवा होता! त्यांनी आपला गार्ड जेलन ब्रन्सन त्याचा जुना करार संपल्यावर थेट घेतला होता. त्यात रिबाउंड्सनी, म्हणजे हुकलेले चेंडू पकडून, क्लीव्हलंडला छळलं ते दुसऱ्याच मिचेलनं, मिचेल रॉबिन्सननं. तिकडे मार्कानेन त्याच सीझनला ऑल-स्टार झाला, 'मोस्ट इम्प्रूव्ह्ड', म्हणजे सर्वांत सुधारलेला खेळाडू, ठरला.

तरी मी म्हणेन, सौदा करायलाच हवा होता. क्लीव्हलंडमध्ये मोठे स्टार आपणहून येत नाहीत, लेब्रॉन जेम्सची गोष्ट वेगळी, तो अ‍ॅक्रनचा, म्हणजे शेजारचाच. पण माझ्या लेखी खरी हुशारी काय दिलं नाही यात आहे. इव्हान मोबली, डेरियस गार्लंड, जॅरेट अ‍ॅलन, तिघेही घरातच राहिले. मोबली 2025 मध्ये सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. त्याला देऊन मिचेल आणला असता, तर मी कपाळावर हात मारला असता.

त्या 2024-25 मध्ये टीम 64 मॅच जिंकली, त्यामुळे युटाला द्यायचा तो पिक पार तळाला गेला. महागडं देणं स्वस्तात फिटलं. म्हणजे गार्ड चालला की पिकची किंमत आपोआप घसरते, हे हिशोबात कोणी धरत नाही.

खटकायचं ते एकच. मिचेल आणि गार्लंड, दोघंही उंचीनं कमी. प्लेऑफमध्ये समोरचे बरोबर त्यांनाच हेरून अंगावर जायचे. 64 विजयांनंतरही दुसऱ्या फेरीत इंडियानाकडून 1-4!

मिचेलनं 2024 मध्ये करार वाढवला, न्यूयॉर्कला पळाला नाही, ही सुटका. पण 2029 चा हप्ता ठरला आहेच. तेव्हा तो 32 वर्षांचा असेल.