हॅनिबलचे बैल

श्रोतेहो, नमस्कार. हॅनिबल म्हटले की आल्प्स ओलांडणारे हत्ती सर्वांना आठवतात. वास्तविक त्यांतले जवळजवळ सगळे इटलीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मेले. उत्तर आफ्रिकेतल्या, रोमशी लढणाऱ्या कार्थेजच्या या सेनापतीची खरी बुद्धी दिसते ती बैलांच्या हकिगतीत.

इसवी सनपूर्व २१७ मध्ये ट्रासिमेनो सरोवराकाठी धुक्याआडून एक रोमन सेना बुडवल्यावर हॅनिबल दक्षिण इटलीतल्या कँपानियाच्या सुपीक मैदानात उतरला. रोमचा सर्वाधिकारी फाबियस लढाई टाळत, डोंगराच्या कडेकडेने त्याच्या मागावर होता. या फाबियसला भित्रा ठरवणारे इतिहासकार मला कधीच पटले नाहीत. जी लढाई जिंकता येणार नाही ती न लढणे, हेही सेनापतीचेच काम आहे. हॅनिबलला लूट अमाप मिळाली, पण त्या मैदानात हिवाळा काढणे शक्य नव्हते आणि बाहेर पडण्याच्या खिंडीत फाबियसने सुमारे ४,००० सैनिक बसवले होते.

तेव्हा हॅनिबलने लुटीतले सुमारे २,००० बैल निवडून त्यांच्या शिंगांना वाळक्या काटक्यांच्या मोळ्या बांधल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर त्या पेटवून बैल शेजारच्या डोंगरावर हाकलले. लक्षात घ्या, खिंडीकडे नव्हे, शेजारच्या डोंगरावर. आगीची धग लागताच बैल उधळले आणि सारा डोंगर हलत्या ज्वाळांनी भरून गेला. शत्रू वरून निसटतो आहे असे समजून पहारेकरी खिंड सोडून वर धावले, आणि मोकळ्या झालेल्या खिंडीतून हॅनिबल लुटीसह निघून गेला. फाबियसने ज्वाळा पाहिल्या, त्याला कावा असल्याचा संशयही आला. पण रात्री लढायचे नाही म्हणून तो तळातच थांबला. पहारेकरी धावतील आणि फाबियस हलणार नाही, या दोन स्वभावांवर हा डाव उभा होता. कात्रजच्या घाटातील शिंगांना पलिते बांधलेल्या बैलांची आख्यायिका ऐकलेल्या आपल्याला तो नवा वाटू नये.

माझा बराचसा वेळ बैलांनीच घेतला, म्हणून हॅनिबलची दक्षिण इटलीतली कानीची लढाई थोडक्यात सांगतो. २१६ च्या ऑगस्टमध्ये तिथेही त्याने समोरच्याचा स्वभावच हेरला होता. रोमन पायदळ मध्यभागी मुसंडी मारणार हे ओळखून त्याने मधली फळी पुढे काढली आणि लढत लढत ती मागे येऊ दिली. रोमन आत शिरत गेले, दोन्ही बाजूंच्या आफ्रिकी पायदळाने त्यांना कोंडले आणि पाठीमागची वाट घोडदळाने बंद केली.