पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात मी आईला घेऊन समुद्राकाठच्या एका लहान गावी गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला जे बोलायचं आहे ते त्या एकट्या गावाबद्दल नाही. बंद पडलेला धक्का, मोडकळीला आलेली गोदामं, त्यांच्या मागे कचरा टाकून टाकून नकोसा झालेला किनारा, अशी जागा बहुतेक किनारी गावांत एखादी तरी असते. मग एक दिवस तिला पत्र्याचं कुंपण पडतं, आत यंत्रांची घरघर सुरू होते, आणि दोन-तीन वर्षांनी पत्रे निघतात तेव्हा आत बाग उभी असते. फरसबंदी, दिवे, बाकं, हिरवळ, मुलांसाठी घसरगुंडी, आणि समुद्राच्या बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत कठडा.

आईचं मागणं एकच होतं. "एकदा खाऱ्या पाण्यात पाय बुडवायचेत गं." गुडघ्यांमुळे तिला वाळूतून चालवत नाही. वाळूत काठी रुतते, तोल जातो. म्हणून ही नवी बाग तिला सोयीची पडेल असं मला वाटलं होतं.

आधी चांगलं सांगते, आणि ते मनापासून सांगते. रस्त्यापासून आत जाताना एकही पायरी चढावी लागली नाही, उतार इतका हलका होता की आईला तो जाणवलाही नाही. फरशी खडबडीत होती, ओली असूनही पाय घसरत नव्हता. स्वच्छतागृह उघडं होतं आणि त्यात पाणी होतं. ज्या जागेकडे गावानं पाठ फिरवली होती तिथे संध्याकाळी आजोबा मंडळी फिरत होती, मुली सायकल शिकत होत्या. हे घडवून आणणं सोपं नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांचे आभारच मानायला हवेत.

आम्ही कठड्यापासून चार पावलांवरच्या एका बाकावर टेकलो. थोड्या वेळानं आई म्हणाली, "समुद्र कुठाय?"

मला वाटलं, प्रवासानं थकली असेल. मग मी तिच्या शेजारी सरकले, मान तिच्या उंचीला आणली आणि समोर पाहिलं. बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर येतात. कठडाही साधारण तेवढ्याच उंचीचा करतात. त्यामुळे कठड्याची वरची जाड नळी बरोबर क्षितिजावर येऊन बसली होती. नळीच्या वर आभाळ, नळीच्या खाली उभ्या गजांची दाटी, आणि गजांच्या फटींतून पाण्याचे तुकडे. उभं राहिलं की समुद्र दिसायचा, बसलं की गज. ज्यांना उभं राहवत नाही म्हणून बसावं लागतं, नेमक्या त्यांच्याच वाट्याला गज आले होते.

बाकांखालचा ओटा हातभर उंच केला असता तरी हे टळलं असतं. नकाशावर ही चूक दिसत नाही. तिथे जाऊन बसावं लागतं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी शहरातल्या मोकळ्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे थांबतात, कुठून नुसते निघून जातात हे तासन् तास टिपलं होतं. त्यांना आढळलं ते अगदी साधं होतं: बसायला जागा असेल तिथे लोक बसतात. समुद्राकाठी मी त्याला एवढंच जोडीन की बसल्यावर काय दिसतं, हेही कुणीतरी बसून पाहायला हवं.

कठडा का लागतो? कारण त्याच्या पलीकडे सरळ उभी भिंत असते आणि खाली पाणी. भिंत उभी केली की पडण्याची भीती येते, भीती आली की कठडा येतो, आणि कठडा आला की माणूस आणि पाणी यांची कायमची ताटातूट होते. म्हणून मला भिंतीबद्दलच थोडं बोलायचं आहे.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती. कठड्यावरून वाकून मी खाली पाहिलं. भिंतीच्या पायाशी वाळू जवळजवळ नव्हतीच, नुसते धुऊन निघालेले धोंडे होते. यामागचं कारण कुठल्याही किनाऱ्यावर सारखंच असतं. लाट उतरत्या वाळूवर येते तेव्हा चढता चढता तिचा जोर ओसरतो. तीच लाट उभ्या भिंतीवर आदळली की जोर तसाच परत फिरतो, काही वर उडतो, काही पायाशी घुसतो आणि तिथली वाळू उकरून घेऊन जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की भिंतीपुढचा किनारा खाली खाली जातो, पाणी खोल होतं, आणि खोल पाण्यात लाट आणखी मोठी येते. दगडांचा ढाळ रचला तर पाणी फटींत शिरतं, तिथे घुसळतं आणि दमून परततं. चौपाया ठोकळे, ज्यांना टेट्रापॉड म्हणतात, तेही याच तत्त्वावर चालतात. ते १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले. पण ढाळ असो की ठोकळे, त्यांच्यावरून म्हातारं माणूस पाण्यापर्यंत जाऊ शकत नाही. पायऱ्यांवरून मात्र जाऊ शकतं. रुंद, बुटक्या, पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या लाटेलाही टप्प्याटप्प्यानं थोपवतात आणि माणसालाही टप्प्याटप्प्यानं खाली नेतात. एकदम पडण्यासारखं काही उरत नाही, म्हणून लांबलचक कठड्याचीही गरज उरत नाही.

हे करून दाखवलेलं आहे. क्रोएशियात एड्रियाटिक समुद्राच्या काठी झादर नावाचं एक जुनं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी त्याची फार नासधूस झाली आणि नंतरच्या घाईच्या बांधकामात तिथल्या काठावर एक रुक्ष काँक्रीटची भिंत उभी राहिली. २००५ मध्ये निकोला बाशिच या वास्तुरचनाकारानं त्या काठाच्या एका भागात सुमारे ७० मीटर लांबीच्या पायऱ्या समुद्रात उतरवल्या आणि त्यांच्या पोटात ३५ नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की नळीतली हवा ढकलली जाते आणि पायरीच्या छिद्रांतून सूर निघतो. लाट लहान तर सूर मंद, जवळून नाव गेली की वेगळाच. त्याला समुद्राचं ऑर्गन म्हणतात. लोक सूर्यास्ताला तिथे येऊन नुसते बसून राहतात. सूर ही मोठीच गोष्ट आहे, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की पूर्वी जिथे भिंत होती तिथे आता बसायला समुद्राची पायरी आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सिएटलचं. तिथली जुनी समुद्रभिंत खिळखिळी झाली होती, २००१ च्या भूकंपानंतर तर तिच्याबद्दलची काळजी फारच वाढली. नवी भिंत २०१७ मध्ये पुरी झाली. ती बांधताना त्यांनी माशांचा विचार केला. सामन माशाची पिल्लं नदीतून समुद्राकडे जाताना काठाकाठानं, उथळ पाण्यातून जातात आणि धक्क्यांच्या दाट सावलीत शिरायला कचरतात. म्हणून वरच्या पादचारी मार्गात काचेचे ठोकळे बसवले, त्यांतून खाली पाण्यात उजेड उतरतो. भिंतीचा पृष्ठभागही गुळगुळीत न ठेवता खाचाखोचांचा केला, कारण गुळगुळीत काँक्रीटवर शिंपले आणि समुद्रशैवाल यांना धरायला काही मिळत नाही. वरून चालणाऱ्या माणसाला हे कदाचित कळतही नसेल. खालच्या पाण्यातल्या जिवाला कळतं.

आता आमच्या बागेकडे परत येते. हिरवळ पिवळी पडायला लागली होती. खाऱ्या वाऱ्यात नाजूक गवत लावलं की त्याला रोज गोड्या पाण्याचा मारा करावा लागतो, एक दिवस चुकला की ते करपतं. दिव्यांच्या खांबांच्या बुडाशी गंजाचे ओघळ आले होते. एका ओट्याचा कोपरा फुगून तडकला होता. हे बाहेरून लागलेल्या धक्क्यानं होत नाही. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून झिरपत आतल्या लोखंडापर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. सळईवर ५० ते ७५ मिलिमीटरचा घट्ट थर ठेवला तर हे पुष्कळ वर्षं लांबवता येतं. उद्घाटनाच्या दिवशी हा थर कुणाला दिसत नाही, हेच त्याचं दुर्दैव.

फरसबंदी संपते तिथून पुढे मात्र काम पोचलेलं नव्हतं, आणि तिथे मला मर्यादवेल दिसली. तुमच्यापैकी किनाऱ्यावर राहणारे तिला ओळखत असतील. आपट्यासारखी दोन पाळ्यांची जाडसर पानं, जांभळी गोल फुलं, आणि वाळूवरून हातभर, दोन हात, दहा हात पसरत जाणाऱ्या दोरखंडासारख्या वेली. उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर ती जगभर आढळते, कारण तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत लांब लांब जातात आणि तरीही रुजतात. मी गुडघ्यावर बसून एक वेल थोडी उचलून पाहिली. पेरापेराला मुळं फुटून खाली रुतली होती, आणि प्रत्येक पेराभोवती वाळूची लहानशी ढेकळं अडकून होती. वाऱ्यानं उडणारी वाळू ती अशी पेरापेरानं धरून ठेवते. तिला पाणी घालावं लागत नाही, कापावं लागत नाही. नावही किती नेमकं दिलंय आपल्या लोकांनी: समुद्राची मर्यादा जिथे, तिथली वेल. बागेच्या आखणीत हिला शंभर पावलांची जागा का मिळू नये, असं मला राहून राहून वाटत होतं.

त्या वेलीच्या पलीकडे जुन्या धक्क्याचं टोक शिल्लक होतं, आणि धक्क्याला दगडी पायऱ्या होत्या.

संध्याकाळ झाली होती, ओहोटीमुळे पाणी लांब गेलं होतं, खालच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्या होत्या. तेव्हा काही उतरण्यात अर्थ नव्हता. पण मी वेळेचा हिशेब केला. ओहोटीपासून पुढच्या भरतीला सव्वासहा तास लागतात, एका भरतीपासून दुसरीला सुमारे १२ तास २५ मिनिटं. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी साडेअकरा-पावणेबाराला भरती पूर्ण व्हायची. अमावास्या होऊन एकच दिवस लोटला होता, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी चांगलंच वर येणार होतं. समुद्राकाठची कुठलीही बाग पाहायला जाल तेव्हा हा हिशेब मांडून जा, आणि एकदा ओहोटीला, एकदा भरतीला अशी दोनदा पाहा. ओहोटीला भिंतीचा पाया दिसतो, भरतीला तिचा उपयोग.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही धक्क्याच्या टोकाला पोचलो. एक जण होडीचं इंजिन उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. आईला काठी टेकत येताना पाहून तो उठला.

"मावशी, उतरायचंय का? वरच्या चार पायऱ्या कोरड्या आहेत. पाचवीपासून शेवाळ, तिथे पाय नका टाकू."

"पाणी कुठवर येईल रे?"

"आज तिसरी बुडंल. जोर सगळा मघाशीच येऊन गेला, आता सावकाश चढंल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते आणि शेवटच्या तासात पाणी जेमतेम सरकतं. हे पायऱ्यांपाशी फलकावर लिहून ठेवता येईल. रोजची भरतीची वेळ खडूनं मांडता येईल, मध्यावर धरायला एक नळी बसवता येईल, खालच्या पायऱ्यांचे दगड टाकीनं खडबडीत करता येतील, बाजूला एक तरंगतं कडं टांगता येईल. पाण्यात कुणी पडेल ही भीती खरी आहे, ती मी हलकी करत नाही. पण तिच्यावर उपाय आहेत, आणि ते उपाय केले तर शंभरातली एक-दोन माणसं नव्हे, सगळी माणसं पाण्याला हात लावू शकतील. आणि हो, होड्या ओढायला उतार ठेवायला हवा. इंजिनवाल्यानं सांगितलं की पूर्वी तिथे तीन होड्या शेजारी शेजारी ओढता यायच्या, आता एकीलाच वाट उरलीय, बाकीच्यांना थांबावं लागतं. बाग त्यांच्याही गावाची आहे.

मी आईला धरून तिसऱ्या पायरीवर बसवलं. तिनं चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या, पातळाचा काठ गुडघ्यापर्यंत घेतला आणि पाय चौथ्या पायरीवर सोडले. पायरी अजून कोरडी होती. आम्ही काही बोललो नाही. पहिली लाट पायरीच्या कडेपर्यंत येऊन गेली. दुसरी बोटांना लागली. तिनं पटकन पाय आखडले आणि लगेच पुन्हा पुढे केले.

"गार आहे," ती म्हणाली.

मग पाणी घोट्यापर्यंत आलं. तिनं वाकून ओंजळ बुडवली, थोडं पाणी माझ्या हातावर ओतलं. चपला भिजायला लागल्या तेव्हा मी त्या उचलून वरच्या पायरीवर ठेवल्या, आणि आम्हीही एक पायरी वर सरकून बसलो.