छातीतली कळ आणि ‘गॅस’

मंडळी, मी 1986 साली जळगाव जिल्ह्यात दवाखाना थाटला, तेव्हा हार्ट अटॅकचा पेशंट म्हटला की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा. साठीच्या घरातला, गादीवर बसणारा, पोट सुटलेला, सिगारेट ओढणारा. शेतात राबणाऱ्याला हा आजार होत नाही असं लोक म्हणायचे, आणि आम्ही डॉक्टरही मनातून तेच धरून चालायचो. ते चित्र अजून तुमच्या-माझ्या डोक्यात आहे. पेशंट मात्र पार बदललाय.

मागच्या उन्हाळ्यात रात्री अकराला चौतिशीचा एक ड्रायव्हर आला. रावेरहून केळी भरून निघालेला. छातीवर दगड ठेवल्यासारखं संध्याकाळी सहापासून होत होतं. टपरीवर सोडा प्याला, ओवा चावला, क्लीनरकडून पाठ चोळून घेतली. शर्ट पिळून काढावा इतका घाम, आणि मला म्हणतो, “काही नही डॉक्टरसाहेब, गॅस शे.” ईसीजीची पट्टी बाहेर आली आणि माझ्याच पोटात गोळा आला. रक्तवाहिनी बंद होऊन पाच तास उलटले होते. तो वाचला, पण हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलं. आता केळीचा घड उचलला तरी त्याला धाप लागते. हा सहाला आला असता तर? ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

हा एकट्याचा प्रकार नाही. 52 देशांतल्या रुग्णांचा ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी येतो असं दिसलं. इतर देशांत तो पाच-सहा वर्षं उशिरा येतो. कारणं तीच, ओळखीची: तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मनावरचा ताण. आपल्याकडे ती लवकर गाठतात, एवढंच.

तंबाखूचं जरा थांबून सांगतो. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण गालातली गोळी सुटली नाही. “मी ओढत नाही, नुसती मळतो,” असं सांगणारे रोज भेटतात. याच अभ्यासात चघळणाऱ्यांचाही धोका दुपटीच्या आसपास निघाला.

शेतकऱ्याचं अंगही आता पूर्वीचं नाही. बांधापर्यंत मोटारसायकल जाते, नांगरटीला ट्रॅक्टर असतो. कळण्याची भाकरी नि भरीत राहिलंय, पण जोडीला रोजची शेव, वेफर्स आलेत. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस स्वतःला बारीक समजतो आणि शुगर तपासतच नाही. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगताहेत. त्यावर कापसाचा भाव आणि सोसायटीचं कर्ज. रात्री झोप न लागणारा माणूस मी औषधाच्या चिठ्ठीने बरा करू शकत नाही.

आया-बहिणींनो, तुमच्यात छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, पाठ दुखते, दम लागतो, मळमळतं, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. शुगर असेल तर कधीकधी दुखणं जाणवतही नाही. तुम्ही “भाकरी टाकून मग बघू” म्हणता आणि तेवढ्यात तास जातो. चूल विझवा, 108 ला फोन लावा, आणि पहिला ईसीजी काढून घ्या. पहिली पट्टी साधी आली तरी झटका नाहीच असं ठरत नाही; गॅस आहे की नाही ते डॉक्टरला ठरवू द्या.