पाचारण ओळखताना

तरुण मित्रमैत्रिणींनो, उपवासकाळातली तपसाधना संपली की वसईतल्या आपल्या धर्मग्रामांत एखादा मुलगा म्हणतो, 'फादर, मला सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) जायचंय.' एखादी मुलगी म्हणते, 'मला सिस्टर व्हायचंय.' ही ओढ म्हणजे पाचारण, देवाचं बोलावणं; ती खरी असू शकते. पण निर्णय त्याच आठवड्यात करू नये. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी इथे दोन्हीकडून कुंपण घातलंय: मन भरून आलेलं असताना घाईने व्रताचं वचन देऊ नये, आणि मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. मुलं चुकतात ती याच दोन वेळी. भारावून घरी जाहीर करतात. पुढे परीक्षा येते, प्रार्थना नीरस होते, आणि 'ते सगळं खोटंच होतं' असं वाटून सोडून देतात.

त्यावर उपाय रोज रात्रीचं पंधरा मिनिटांचं आत्मपरीक्षण. आधी दिवसाबद्दल देवाचे आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस क्रमाने पाहायचा, चुकांची क्षमा मागायची, शेवटी उद्याचा संकल्प. बरेच जण थेट चुकांवर येतात. आभार गाळले की ती नुसती स्वतःची झडती होते आणि आठवड्याभरात नकोशी वाटते. वहीत दोनच ओळी लिहा: आज देवाच्या जवळ कशाने गेलो, दूर कशाने. तीन महिन्यांनी ती वही घेऊन आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे बसा. गाण्या-भजनांच्या रात्री सोडून साध्या सोमवारीही तीच ओढ दिसते का, हे दोघांनी पाहा.

आणि मित्र हवेत. 1529 साली पॅरिसच्या सेंट बार्ब कॉलेजात पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर यांच्या खोलीत इग्नेशियस राहायला आले. झेवियरना तेव्हा विद्वत्तेतलं मानाचं पद हवं होतं. त्यांचं मन वळायला काही वर्षं गेली; या तिघांसह सात सोबत्यांनी पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीवर व्रत घेतलं ते 15 ऑगस्ट 1534 रोजी. तेच झेवियर 1542 मध्ये गोव्याला उतरले. तुमच्या गटातही सहा-सात जणच ठेवा. एकाने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये. तिथलं बोलणं व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको.

आईवडिलांना एक सांगायचंय. मठात शिरलं म्हणजे मूल कायमचं बांधलं गेलं, असं नाही. चर्चच्या नियमानुसार सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नवदीक्षा (मठातला सुरुवातीचा पारखण्याचा काळ) नाही, ती किमान बारा महिन्यांची, नंतरची तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षांची. धर्मगुरुदीक्षेसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. एवढा काळ पारखण्यासाठीच ठेवलाय. म्हणून परत आलेल्या मुलाला 'सोडून आला' असं हिणवू नका, कळकळीने सांगतो. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना येशूसंघात प्रवेश मिळाला नाही. त्यांनी व्यापार केला, पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर झाले आणि 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले.

बारावीची किंवा पदवीची परीक्षा तोंडावर असेल, तर ती आधी द्या. तोवर वही चालू ठेवा आणि निकालानंतर पाचारण विभागाच्या फादरांना भेटा.